तालुक्याचे सीमावर्ती गाव नगरपंचायत कसे होते : पात्रता, कागदपत्रे आणि अधिसूचनेपासून पहिल्या सभेपर्यंतची प्रक्रिया

प्राणहिता जिथे गोदावरीला मिळते त्या संगमाजवळ सिरोंचा वसले आहे आणि नदीच्या पलीकडे तेलंगणा आहे. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांच्या संगमावर भामरागड आहे, त्याच्या पलीकडे छत्तीसगड. पर्लकोटेला पूर आला की या गावाचा उर्वरित जिल्ह्याशी संपर्क तुटतो. गडचिरोली जिल्ह्यातील अशा सीमेवरच्या तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायती गेल्या दशकात नगरपंचायती झाल्या. हा बदल नेमका कोणत्या कायद्याने होतो, त्यासाठी काय लागते आणि गावकऱ्यांना त्यात कुठे बोलता येते, हे पुरेसे समजण्याआधीच अनेक ठिकाणी ग्रामपंचायतीची पाटी उतरली. नव्याने मागणी करणाऱ्या, किंवा मागणी न करताही या प्रक्रियेत येऊ शकणाऱ्या गावांसाठी ही माहिती दिली आहे.

पहिली गोष्ट स्पष्ट असावी. नगरपंचायत मिळवण्यासाठी नागरिकाने भरायचा कोणताही छापील अर्ज कायद्यात नाही. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, अनुच्छेद २४३ क्यू समाविष्ट झाला आणि ग्रामीण स्वरूपातून शहरी स्वरूपाकडे जाणाऱ्या क्षेत्रासाठी, म्हणजे संक्रमणशील क्षेत्रासाठी, नगरपंचायत असावी असे ठरले. असे क्षेत्र कोणते, हे राज्य शासन राजपत्रात अधिसूचना काढून ठरवते. महाराष्ट्रात यासाठी ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ लागू आहे आणि नगरपंचायतींची तरतूद त्याच्या कलम ३४१ क पासून पुढे आहे. गावाने करायचा तो ठराव आणि प्रस्ताव, निर्णय शासनाचा. हा फरक लक्षात न आल्यामुळे ‘आम्ही अर्जच केला नव्हता, मग नगरपंचायत झाली कशी’ असा प्रश्न गावोगाव विचारला जातो, आणि तो विचारला जाईपर्यंत हरकतींची मुदत संपून गेलेली असते.

पात्रता ठरवताना संविधानाने पाच बाबी पाहण्यास सांगितले आहे : लोकसंख्या, लोकसंख्येची घनता, स्थानिक प्रशासनासाठी मिळणारा महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण आणि क्षेत्राचे आर्थिक महत्त्व, याशिवाय योग्य वाटतील अशा इतर बाबीही विचारात घेता येतात. राज्याच्या अधिनियमानुसार संक्रमणशील क्षेत्राची लोकसंख्या सर्वसाधारणपणे १०,००० ते २५,००० असावी लागते. त्यापुढील लहान नागरी क्षेत्रासाठी, म्हणजे नगरपरिषदेसाठी, किमान २५,००० लोकसंख्या आणि किमान ३५ टक्के बिगरशेती रोजगार हा निकष आहे. ही लोकसंख्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतली किंवा मतदार यादीवरून अंदाजाने काढलेली चालत नाही; आकडेवारी प्रसिद्ध झालेल्या अखेरच्या जनगणनेचाच आधार घ्यावा लागतो, आणि त्यामुळे आजही बहुतेक प्रस्तावांत २०११ चे आकडे दिसतात. बिगरशेती रोजगाराचे प्रमाणही जनगणनेतील काम करणाऱ्यांच्या वर्गवारीवरून निघते : शेतकरी आणि शेतमजूर वगळून घरगुती उद्योग व इतर कामांत असलेल्यांचे एकूण काम करणाऱ्यांशी असलेले प्रमाण. शिवाय जनगणनेच्या काळात प्रशासकीय सीमा गोठवल्या जातात, त्यामुळे प्रस्ताव पूर्ण असूनही त्या काळात तो पुढे सरकत नाही.

मग भामरागडसारखे, दहा हजारांच्या जवळपासही नसलेले गाव कसे पात्र ठरले? २०१४ मध्ये शासनाने तालुका मुख्यालय असलेल्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे धोरण घेतले आणि तालुका मुख्यालयांसाठी लोकसंख्येची अट अडसर राहिली नाही. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता, कारण तहसील कार्यालय, न्यायालय, बँक, बाजार आणि बसस्थानक जिथे आहे तिथे आसपासच्या शेकडो पाड्यांतून माणसे येतात आणि तो ताण ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या उत्पन्नातून पेलत नाही. परंतु हाच नियम दाट वस्तीच्या पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावाला आणि जंगलाने वेढलेल्या सीमेवरच्या गावाला एकाच मापाने लावला गेला, आणि माझ्या मते इथे अधिक बारकाईने विचार व्हायला हवा होता.

कारण सिरोंचा, एटापल्ली, धानोरा, अहेरी हे तालुके २ डिसेंबर १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासींसाठी संविधानाने विशेष संरक्षण दिलेल्या भागात, आहेत. संविधानाचा नगरपालिकांविषयीचा भाग ९ अ अनुच्छेद २४३ झेडसी नुसार अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू होत नाही. संसदेने कायदा करून, योग्य ते बदल व अपवाद ठेवून, तो तिथे लागू करावा अशी योजना आहे. पंचायतींच्या बाबतीत संसदेने हे काम २४ डिसेंबर १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे पंचायतींच्या तरतुदी अनुसूचित क्षेत्रांना लागू करणाऱ्या कायद्याने, केले आणि महाराष्ट्राने त्याचे नियम ४ मार्च २०१४ रोजी काढले. नगरपालिकांसाठीचे तसेच विधेयक २००१ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. परिणामी पेसा क्षेत्रातील गाव नगरपंचायत झाले की गौण वनोपज, लहान जलसाठे, दारूबंदी, सावकारी यांविषयी ग्रामसभेला मिळालेले अधिकार त्या हद्दीत वापरण्याचे व्यासपीठच उरत नाही, आणि पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून मिळणारा पाच टक्के अबंध (ठरावीक कामाशी न बांधलेला) निधीही त्या गावाकडे येत नाही. आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावरील महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ चे निर्बंध मात्र शहर झाल्यानेही उठत नाहीत. तसे सांगून कोणी व्यवहार करू पाहत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

म्हणूनच अनुसूचित क्षेत्रातील ठरावात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हद्दीचा असतो. तालुक्याची ग्रामपंचायत बहुधा गट ग्रामपंचायत असते. मुख्य गावाबरोबर तिच्यात दोन-चार कोसांवरचे पाडे आणि टोलेही असतात. बाजारपेठेला शहराचे कर आणि शहराच्या सोयी मानवतील, पण ज्या टोल्यावर वीस घरे, शेती आणि जंगल आहे त्यांना त्यातून काय मिळणार, याचा निर्णय प्रस्ताव तयार होतानाच झाला पाहिजे. जे पाडे वगळायचे त्यांची नावे आणि भूमापन क्रमांक ठरावात लिहावेत, आणि त्यांची स्वतंत्र ग्रामपंचायत होणार की ती शेजारच्या ग्रामपंचायतीला जोडली जाणार हेही त्याच ठरावात मागावे.

प्रस्तावासाठी ग्रामसभेचा व ग्रामपंचायतीचा ठराव व्यवहारात जोडला जातो, परंतु शासनाचा अधिकार त्या ठरावावर अवलंबून नाही, हे ध्यानात ठेवावे. ठरावासोबत जनगणनेचे गावनिहाय आकडे. हद्द दाखवणारा आणि चतुःसीमा लिहिलेला भूमी अभिलेख कार्यालयाचा नकाशा. समाविष्ट होणाऱ्या भूमापन क्रमांकांची यादी. ग्रामपंचायतीचे मागील काही वर्षांचे जमाखर्च आणि घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी व वसुली. मालमत्ता व देण्यांची यादी. कर्मचाऱ्यांची यादी त्यांच्या नेमणुकीच्या तारखांसह. आणि पाणीपुरवठा, दिवाबत्ती, रस्ते, गटारे यांची सद्यःस्थिती सांगणारा अहवाल असावा. हा प्रस्ताव तहसीलदार व गटविकास अधिकाऱ्यांच्या अभिप्रायांसह जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तेथून मंत्रालयातील नगर विकास विभागाकडे जातो.

शासनाला प्रस्ताव योग्य वाटला तर प्रथम प्रारूप उद्घोषणा राजपत्रात प्रसिद्ध होते, स्थानिक वर्तमानपत्रात येते आणि जिल्हाधिकारी व तहसील कार्यालयांच्या फलकांवर लावली जाते. हरकती व सूचना लेखी स्वरूपात जिल्हाधिकाऱ्यांकडे देण्यासाठी किमान तीस दिवसांची मुदत असते. संपूर्ण प्रक्रियेत सामान्य रहिवाशाला थेट बोलता येईल अशी संधी हीच आहे. हरकत साध्या कागदावर चालते, पण ती मोघम नसावी : हरकतदाराचे नाव व पत्ता, उद्घोषणेचा क्रमांक व दिनांक, ज्या भूमापन क्रमांकांविषयी किंवा पाड्याविषयी हरकत आहे त्यांचा स्पष्ट उल्लेख, कारण, आणि सोबत मतदार ओळखपत्र किंवा रहिवासाचा पुरावा, सात-बारा अथवा ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणी नोंदवहीचा, म्हणजे नमुना ८ चा, उतारा. आवक शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. सामूहिक सह्यांचे निवेदन दिले तरी प्रत्येक पाड्याने आपली स्वतंत्र हरकतही द्यावी, कारण जिल्हाधिकारी शासनाला जो अहवाल पाठवतात त्यात हरकतींचा विचार त्यांच्या मुद्द्यांनुसार होतो.

अहवाल विचारात घेऊन अंतिम अधिसूचना निघाली की त्यात दिलेल्या तारखेपासून ग्रामपंचायत संपुष्टात येते. सरपंच व सदस्यांचा कार्यकाळ उरलेला असला तरी तो थांबतो, आणि त्या हद्दीतील मतदार जिल्हा परिषद व पंचायत समितीच्या निवडणुकीत मतदान करत नाहीत. निवडून आलेली नगरपंचायत अस्तित्वात येईपर्यंत प्रशासक काम पाहतो. तालुक्याच्या ठिकाणी ही जबाबदारी बहुधा तहसीलदारांकडे येते. ग्रामपंचायतीची मालमत्ता, देणी, करार आणि थकबाकी नव्या संस्थेकडे वर्ग होते. या हस्तांतरणाच्या वेळी गावातील जाणत्या माणसांनी हजर राहून करआकारणीची नोंदवही, जन्म-मृत्यू नोंदवह्या, बांधकाम परवानग्यांच्या स्थळप्रती आणि सार्वजनिक जागांचे कागद यादीप्रमाणे दिले-घेतले जात आहेत याची खात्री करावी; जन्मदाखल्यासाठी वणवण करणारे पालक आणि नमुना ८ ला नोंद नाही म्हणून अडलेले घरकुल, या दोन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळदा याच दिवसांत असते. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांचे समावेशन शासनाने मंजूर केलेल्या आकृतिबंधातील (पदसंख्येच्या आराखड्यातील) पदांवर, शैक्षणिक अर्हता व नेमणुकीची वैधता तपासून होते. वर्षानुवर्षे गावाची गटारे उपसणारा आणि पाण्याच्या झडपा फिरवणारा माणूस केवळ नेमणुकीचा ठराव सापडत नाही म्हणून बाहेर राहू नये, यासाठी ते जुने ठराव वेळीच शोधून ठेवणे हे ग्रामसेवकाइतकेच गावाचेही कर्तव्य आहे.

योजनाही बदलतात. ग्रामीण घरकुलाऐवजी प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग लागू होतो, स्वच्छ भारत अभियानाचाही नागरी भाग लागू होतो, आणि ज्या घरकुलांचा पहिला हप्ता ग्रामीण योजनेतून मिळाला आहे त्यांची यादी अधिसूचनेपूर्वी स्वतंत्र करून घ्यावी लागते.

निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. नगरपंचायतीत १७ नगरसेवक निवडले जातात. ज्या गावात एकूण मतदारच मोजके आहेत तिथेही हीच संख्या असल्याने एकेका प्रभागात फार थोडे मतदार येतात आणि प्रभागाची रेषा एका गल्लीने सरकली तरी निकाल बदलू शकतो. त्यामुळे प्रारूप प्रभाग रचना व प्रभागनिहाय मतदार यादी प्रसिद्ध होताच ती घरनिहाय तपासावी. अनुसूचित जाती व जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखीव असतात, निम्म्या जागा महिलांसाठी असतात आणि कोणत्या प्रभागात कोणते आरक्षण हे सोडतीने ठरते. नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडायचा की नगरसेवकांनी, हा नियम राज्यात २०१६, २०२० आणि २०२२ मध्ये बदलत गेला, म्हणून कार्यक्रम जाहीर होताना लागू असलेली तरतूदच पाहावी.

उमेदवाराचे वय किमान २१ वर्षे असावे आणि त्याचे नाव नगरपंचायतीच्या मतदार यादीत असावे. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा अधिक झाली असेल तर तो अपात्र ठरतो. नामनिर्देशनपत्रासोबत मालमत्ता, शिक्षण व गुन्हेविषयक माहितीचे शपथपत्र, अनामत रकमेची पावती, निवडणूक खर्चासाठीच्या बँक खात्याचा तपशील, थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराचा दाखला आणि राखीव जागेसाठी जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र द्यावे लागते. गडचिरोलीसारख्या भागात वैधता प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी फेऱ्या माराव्या लागतात, तेव्हा लढवण्याचा विचार असलेल्यांनी सोडतीची वाट न पाहता पडताळणी समितीकडे अर्ज करून ठेवावा. नगरपंचायतीचे कंत्राट स्वतःच्या नावावर असणारी व्यक्तीही अपात्र ठरते. ग्रामपंचायतीच्या काळातील चालू कामे नव्या संस्थेकडे वर्ग झालेली असतात, हे अशा उमेदवारांनी विसरू नये.

निकालानंतर पदाधिकाऱ्यांच्या निवडीसाठीची पहिली सभा जिल्हाधिकाऱ्यांच्या सूचनेने होते आणि त्यानंतर कारभार मुख्याधिकारी व सभागृह मिळून चालवतात. या टप्प्यावर दोन विषय लगेच पुढे येतात. एक, मालमत्तांची नवी करआकारणी, जिच्या नोटिशीवर प्रत्येक मालकाला मुदतीत हरकत घेता येते. दुसरा, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालील विकास आराखडा, ज्याची सुरुवात तो तयार करण्याचा इरादा जाहीर करून आणि विद्यमान जमीन वापराचा नकाशा बनवून होते. नदीकाठच्या गावात पूररेषा, गोठण, स्मशानभूमी, आठवडी बाजाराची जागा आणि देवराई या नकाशावर जिथे आहेत तिथेच दिसतात का, हे पाहण्यासाठी तो नकाशा गावातील वृद्धांसमोर उलगडून ठेवावा आणि जे सुटले असेल ते भूमापन क्रमांकासह लेखी कळवावे.