ॲपलचं ॲप स्टोअर आणि कायद्याचा फास
ॲप स्टोअर म्हणजे आयफोनवर ॲप घ्यायचं ॲपलचं दुकान. जुलै 2008 मध्ये सुरू झालं तेव्हा त्यात 500 ॲप्स होती. भांडणाचं मूळ असं की आयफोनवर ॲप टाकायचं तर दुसरा रस्ताच नव्हता आणि ॲपमध्ये काही डिजिटल विकलं की ॲपल 30 टक्के कापून घेणार, वर हेच बाहेर वेबसाइटवर स्वस्त मिळतं असं ॲपमध्ये सांगायलाही बंदी! ॲपल म्हणतं तपासणी, सुरक्षितता, प्रायव्हसी हे फुकट होत नाही, आणि ते अगदीच खोटंही नाही. 2021 पासून वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्यांसाठी 15 टक्के केले, पण तोवर प्रकरण कोर्टात गेलेलं होतं.

13 ऑगस्ट 2020 ला एपिक गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीने आपल्या फोर्टनाइट या गेममध्ये स्वतःचं पेमेंट घुसवलं, ॲपलने त्याच दिवशी गेम काढून टाकला आणि एपिकने त्याच दिवशी केस ठोकली (कागद आधीच तयार असणार, उघड आहे). सप्टेंबर 2021 मध्ये न्यायाधीश इव्होन गोन्झालेझ रॉजर्स यांनी निकाल दिला की मक्तेदारी सिद्ध झाली नाही, पण बाहेरची लिंक देण्यावरची बंदी काढा. अपिलं होत होत जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला, मग ॲपलने लिंक चालू केली खरी, पण त्या लिंकवरून झालेल्या विक्रीवर 27 टक्के लावले. आता पेमेंटवाल्याचे पैसे वेगळे द्यायचे म्हटल्यावर डेव्हलपरच्या हातात राहिलं काय? एप्रिल 2025 मध्ये त्याच न्यायाधीशांनी ॲपलने जाणूनबुजून आदेश मोडला असं ठरवलं, या लिंकवर कमिशन घ्यायचं नाही म्हणून बजावलं, आणि पुढच्याच महिन्यात फोर्टनाइट अमेरिकेतल्या स्टोअरवर परत आला.

आदेश पाळायचा पण पैसा सोडायचा नाही, ही चाल बाहेरही दिसते. दक्षिण कोरियाने 2021 मध्ये कायदा करून दुसरं पेमेंट वापरू द्यायला लावलं, तिथे ॲपलने 26 टक्के ठेवले. नेदरलँड्समध्ये डेटिंग ॲप्सना दुसरं पेमेंट वापरू देत नाही म्हणून दर आठवड्याला 50 लाख युरो असा दंड 5 कोटींपर्यंत चढला, तिथे 27 टक्के. युरोपियन युनियनचा डिजिटल मार्केट्स ॲक्ट (मोठ्या टेक कंपन्यांना लगाम घालणारा कायदा) मार्च 2024 पासून लागू झाल्यावर दुसरी ॲप स्टोअर्स आयफोनवर आली, तर ॲपलने त्यासाठी आणलेल्या नव्या अटी घेणाऱ्या डेव्हलपर्सवर वर्षाला 10 लाखांपुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे अर्धा युरो बसवला. एप्रिल 2025 मध्ये ग्राहकाला बाहेरची ऑफर सांगू देत नाही म्हणून युरोपियन कमिशनने 50 कोटी युरो दंड केला, आणि ॲपलने अर्थातच अपील केलं.