घुमणे: पारव्याचं आणि नागपूरकराचं

"संध्याकाळी फुटाळ्यावर घुमायला येतो का?" असं नागपुरात कोणी विचारलं, की पुण्याकडचा पाहुणा क्षणभर गोंधळतो. त्याच्या मराठीत पारवा घुमतो, घागर घुमते, अंगात आलेली बाई घुमते. तलावावर जाऊन घुमायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

हा घोळ शेजारच्या हिंदीचा. १८६१मध्ये मध्य प्रांत झाला, १९०३मध्ये त्याला वऱ्हाड जोडला गेला, आणि १९५६पर्यंत नागपूर राजधानी राहिलं. कचेरी, बाजार, शाळा, सगळीकडे दोन्ही भाषा एकमेकींना खेटून. 'घूमना' इथल्या मराठीत 'घुमणे' होऊन बसलं, ते भटकण्याच्या अर्थानं. हिंदीतल्या शब्दाचं मूळ 'घूर्ण्', म्हणजे गरगरणे, असं मानतात. मराठी घुमण्यात मात्र आवाज आहे, तोही पोकळीतला. अंगात आलेला माणूस डोलतो आणि हुंकारतोही. तिथे दोन्ही अर्थ एकत्र आल्यासारखे वाटतात, पण हा माझा तर्क.

पारव्याला हा शब्द चपखल बसतो. पारवा आणि होला चोच मिटून घुमतात. हवा बाहेर न सोडता गळा फुगवतात, म्हणून तो स्वर घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो. (तोंड मिटून बसणाऱ्या माणसाला आपण 'घुम्या' म्हणतो, तो मात्र आवाजच करत नाही.)

पुस्तकी मराठीत यासाठी 'कूजन' आहे. ते संस्कृतातून आलं, पण तिथे ते पारव्यापुरतं कधीच नव्हतं. रामटेकचा डोंगर 'मेघदूता'तला रामगिरी मानला जातो. तिथून निघालेल्या मेघाला उज्जयिनीत पारवे झोपलेल्या गच्चीवर रात्र काढायला सांगितलं आहे. पण 'कूजित' हा शब्द कालिदासानं वापरला तो शिप्रेकाठच्या सारसांसाठी. त्यातला 'पारावत' झिजून आपला 'पारवा' झाला, आणि पुढे त्या पाखराचा करडा-निळा रंगही 'पारवा'च. 'कबूतर' फारसीतून आलं.

इतवारी-महालातल्या जुन्या वाड्यांच्या वळचणीला पारवे अजून भरपूर आहेत. ते काय करतात म्हणून तिथल्या पोरांना विचारा. "गुटर्गू" म्हणतील. घुमायला पोरं स्वतः जातात.