भाजलेल्या बटाट्यातल्या पाण्याचा हिशोब

कुकरमध्ये बटाटे उकडायला तीन-चार शिट्ट्या पुरतात. तेच बटाटे ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, 200 अंशांवर ठेवले तर तासभर लागतो. कुकरच्या आत तापमान जेमतेम 120 अंश सेल्सिअस असतं, ओटीजीत त्याहून कितीतरी जास्त. मग जास्त तापलेल्या जागी बटाटा इतका का रेंगाळतो? भाजलेला बटाटा घरी नीट जमायला हवा असेल तर आधी या प्रश्नाचा उलगडा व्हायला हवा. कुठला बटाटा आणायचा इथपासून तो ताटात कसा फोडायचा इथपर्यंत सगळं त्यातूनच ठरतं.

कुकरमध्ये बटाट्याभोवती वाफ कोंडलेली असते. ती गार बटाट्याला लागली की तिचं पाणी होतं, आणि पाणी होताना दर ग्रॅममागे सुमारे 2,250 जूल उष्णता ती बटाट्याच्या अंगावर सोडते. ओटीजीत असते कोरडी हवा, आणि हवा उष्णता पोचवण्यात फार कमजोर. तापलेल्या ओटीजीतून ट्रे काढताना हात क्षणभर आतल्या हवेत गेला तर नुसती धग लागते. कुकरच्या वाफेत क्षणभर आला तर फोड येतो. शिवाय ओटीजीत बटाट्यातलं पाणी सालीवाटे वाफ होऊन बाहेर पडत राहतं आणि जाताना तीच 2,250 जूल दर ग्रॅममागे घेऊन जातं. कुकरमध्ये पाणी बटाट्याला उष्णता देतं, ओटीजीत त्याच्याकडून घेतं.

आकडे मांडून बघू. दोनशे ग्रॅमचे चार बटाटे मुंबईच्या 28 अंशांवरून 98 अंशांपर्यंत तापवायला साधारण 200 किलोजूल लागतात. भाजताना दर बटाट्यामागे 30 ग्रॅम पाणी उडालं असं धरलं, तर त्या 120 ग्रॅम पाण्याची वाफ करायला 270 किलोजूल. म्हणजे बटाटा शिजवण्यापेक्षा तो वाळवण्यावरच जास्त उष्णता खर्ची पडते. भाजणं हे मुख्यतः वाळवणं आहे, आणि चांगला भाजलेला बटाटा तोच, ज्यातलं पाणी योग्य वेळी, योग्य वाटेनं बाहेर गेलं.

बटाट्यात मुळात पाणी जवळजवळ 80 टक्के. उरलेल्यात बहुतेक स्टार्च, म्हणजे पिष्ट. ते पेशींमध्ये घट्ट कणांच्या रूपात साठवलेलं असतं. तापमान 60 अंशांच्या पुढे गेलं की हे कण पेशीतलंच पाणी शोषून फुगायला लागतात. साबुदाण्याची खीर दाटते तेव्हा हेच घडत असतं. पुढे 80-85 अंशांवर पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळायला लागतं आणि पेशी सुट्या होतात. भाजायला ठेवलेला एखादा बटाटा अर्ध्या वेळात काढून मधोमध कापून बघण्यासारखा असतो: कडेला गोल पारदर्शक, पिवळसर कडं तयार झालेलं दिसतं आणि मधे खडूसारखा पांढरा, कच्चा गाभा. ते कडं आत सरकत सरकत मध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, कारण बटाट्याच्या गरातून उष्णता अगदी सावकाश जाते. म्हणूनच बटाटा पाच सेंटिमीटरऐवजी सात सेंटिमीटर जाडीचा घेतला तर वेळ दीडपटीच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त वाढतो. एका ट्रेमधले बटाटे एका मापाचे हवेत ते याचसाठी.

आतला गर ओला असेपर्यंत 100 अंशांच्या वर जाऊच शकत नाही. ओटीजी 180 वर असो की 220 वर, मध्यभागी 96 ते 98 अंश झाले की बटाटा झाला. स्वयंपाकाचा थर्मामीटर नसेल तर पातळ सुरी मध्यापर्यंत घालून पाहा. ती कुठेही न अडता गेली पाहिजे. मधे थोडीशी जरी थबकली तरी तिथलं पेक्टिन अजून सुटलेलं नाही. सालीचं मात्र वेगळं आहे. तिच्यातलं पाणी संपतं, त्यामुळे ती 100 च्या पुढे तापते, आणि तिथे शर्करा आणि अमिनो आम्लं यांच्यात ती प्रसिद्ध अभिक्रिया सुरू होते जिचं वर्णन लुई-कामिल मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 मध्ये केलं. साल तपकिरी होते आणि पायराझिन नावाच्या संयुगांचा तो खमंग, मातकट वास येतो. उकडलेल्या बटाट्याला हा वास येत नाही, कारण पाण्यात बुडलेली साल कधी कोरडी होतच नाही.

आता बटाटा कुठला? माझ्या मते निम्मी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते. बटाटे ढोबळमानानं दोन स्वभावांचे. ज्यात पिष्ट जास्त आणि पाणी कमी तो पिठूळ. शिजल्यावर त्याच्या पेशी फुगून गोल होतात, एकमेकींपासून सुटतात आणि गर मोकळा, भुसभुशीत होतो. ज्यात पाणी जास्त तो चिकट. रस्सा भाजीत त्याच्या फोडी अख्ख्या राहतात, पण भाजला तर गर मेणचट, गिच्च लागतो. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं काढलेल्या वाणांत कुफरी पुखराज पाणीदार बाजूचा. 1998 साली खास वेफर्ससाठी आलेल्या कुफरी चिप्सोना या वाणांत घन पदार्थ 20 टक्क्यांच्या वर असतात, त्यामुळे ते भाजायला फार चांगले. अडचण ही की भाजीवाल्याच्या गाडीवर वाणाचं नाव लिहिलेलं नसतं. तिथे ‘नवा’, ‘जुना’, ‘इंदूर’, ‘तळेगाव’ एवढंच कळतं.

त्यावर घरच्या घरी होणारी एक सुंदर परीक्षा आहे. एक लिटर पाण्यात सुमारे 125 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि बटाटे त्यात सोडा. पिष्ट पाण्यापेक्षा जड, म्हणून पिष्टाळ बटाटा या खाऱ्या पाण्यात तळाला जातो आणि पाणीदार बटाटा वर तरंगतो. एकाच किलोतले काही बुडतात, काही तरंगतात, काही मधेच उभे राहतात. बुडालेले भाजायला काढा, तरंगलेले रश्शाला ठेवा. बटाटा प्रक्रियेच्या धंद्यातही घनतेवरूनच माल पारखतात. तुमच्या पातेल्यात चाललेली परीक्षा त्याच तत्त्वावरची आहे.

बटाटा साठवला कसा, हेही तितकंच महत्त्वाचं. उत्तर भारतातलं आणि गुजरातमधलं रब्बीचं पीक जानेवारी ते मार्चमध्ये निघतं आणि मग शीतगृहात जातं. पावसाळ्यात वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून आपल्यापर्यंत येतो तो बराचसा याच साठ्यातला. थंडीत, साधारण आठ अंशांच्या खाली, बटाटा आपल्या पिष्टाची साखर करायला लागतो. म्हणून असा बटाटा किंचित गोड लागतो, भाजताना त्याची साल फार लवकर काळी पडते आणि गरात भुसभुशीतपणा कमी असतो. घरचा फ्रिज चार-पाच अंशांवर असतो, तेव्हा कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे हीच प्रक्रिया पुन्हा सुरू करून देणं. शीतगृहातून आलेला बटाटा एक-दोन आठवडे टोपलीत, हवेशीर अंधाऱ्या जागी राहिला तर यातली काही साखर पुन्हा पिष्टात जाते, काही बटाट्याच्या श्वसनात खर्च होते. अंधार हवाच. उजेडात साल हिरवी होते आणि तिथे सोलानिन हे विषारी द्रव्य वाढतं, जे भाजण्याच्या तापमानाला नष्ट होत नाही. हिरवा भाग जाड कापून टाका. बटाटा फारच हिरवा असेल तर सरळ फेकून द्या.

साखरेचा आणि काळ्या सालीचा आणखी एक धागा आहे. एप्रिल 2002 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की पिष्टमय पदार्थ 120 अंशांच्या वर तळले-भाजले तर त्यांत ॲक्रिलामाइड हे कर्करोगकारक असल्याची शंका असलेलं रसायन तयार होतं. बटाट्यातलं ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल आणि साध्या शर्करा यांच्यापासून ते बनतं. अख्ख्या भाजलेल्या बटाट्याचा गर 100 च्या वर जात नसल्यामुळे तिथे ही भीती नाही. प्रश्न फक्त सालीचा. ती सोनेरी-तपकिरी झाली की थांबायचं, काळी होऊ द्यायची नाही.

प्रत्यक्ष करताना बटाटे ब्रशनं घासून धुवा आणि कापडानं खडखडीत पुसा. सालीवर राहिलेलं पाणी उडेपर्यंत ओटीजीची उष्णता वायाच जाते. काट्यानं चार-सहा ठिकाणी टोचा. बटाट्याची साल म्हणजे बुचासारख्या पेशींचा थर असतो, पाणी अडवणं हेच त्याचं काम, त्यामुळे वाफेला वाट करून द्यावी लागते. न टोचलेला बटाटा क्वचित का होईना, फुटतो. ओटीजी आधी 200 अंशांवर तापवून घ्या. बटाटे ट्रेवर न ठेवता जाळीवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा खेळेल. मध्यम बटाट्याला 50 ते 60 मिनिटं धरा. तेल आणि मीठ मी शेवटच्या दहा मिनिटांत लावते. तोवर साल कोरडी झालेली असते आणि तेलात ती छान कुरकुरते. एअर फ्रायरमध्ये पंखा गरम हवा बटाट्यावर सतत ढकलतो, त्यामुळे वेळ बराच कमी लागतो. मायक्रोवेव्ह आतलं पाणी थेट तापवतो, पण भोवतालची हवा गारच राहते, साल ओली आणि चामट होते. घाईत असाल तर आधी मायक्रोवेव्ह, मग तापलेल्या ओटीजीत पंधरा मिनिटं, ही जोडी चांगली चालते. आणि ओटीजी नसेल तर जाड बुडाच्या कढईत दोन बोटं जाडं मीठ तापवून त्यात लहान बटाटे अर्धे पुरा. खारे शेंगदाणे भट्टीत असेच भाजतात. वर झाकण ठेवायचं ते थोडं उघडं, मधूनमधून बटाटे फिरवायचे.

फॉइलमध्ये मात्र गुंडाळू नका. फॉइलच्या आत वाफ कोंडते, साल ओली राहते, 100 च्या वर तापत नाही, आणि तासभर वीज जाळून हातात येतो तो उकडलेलाच बटाटा. चवीपेक्षा गंभीर कारण वेगळं आहे. जमिनीतून आलेल्या बटाट्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते 100 अंशांना मरत नाहीत, आणि ओलावा, ऊब आणि प्राणवायूचा अभाव मिळाला की वाढून भयंकर विष तयार करतात. फॉइलबंद बटाटा ओट्यावर रात्रभर ठेवला की तिन्ही मिळतात. अमेरिकेत टेक्ससमधल्या एल पासो इथे 1994 साली अशाच, फॉइलमध्ये भाजून बाहेर ठेवलेल्या बटाट्यांपासून केलेल्या पदार्थानं 30 जणांना विषबाधा झाली. मुंबईत तर स्वयंपाकघर रात्रीही 28-30 अंशांवर असतं. बटाटे लगेच खा, किंवा उघडे करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका.

वाफेत शिजलेला बटाटा वाईटच असतो असं नाही. पलीकडे रायगडात थंडीच्या दिवसांत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी घालून ते उपडं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगांची आणि पाल्याची स्वतःची ओल वाफ होऊन बटाट्याला शिजवते आणि पाल्याचा वास आत नेते. तिथे साल मऊच हवी. तो वेगळा पदार्थ आहे, आणि माझा अतिशय आवडता.

ओव्हनमधला बटाटा बाहेर काढला की पहिल्याच मिनिटाला फोडायचा. सुरीनं वर लांब चीर द्या, फडक्यात धरून दोन्ही टोकांकडून आत दाबा. गर फुलून वर येतो आणि वाफेचा लोट निघतो. हे नाही केलं तर तीच वाफ आतल्या आत गार होऊन पुन्हा पाणी होते आणि भुसभुशीत गर पाच-दहा मिनिटांत दडस होतो. मुंबईच्या पावसाळ्यात घाई जास्तच. ओटीजीच्या आत बाहेरच्या दमटपणाचा काही परिणाम होत नाही, कारण जुलैची 85 टक्के आर्द्रतेची हवासुद्धा 200 अंशांना तापली की तिची सापेक्ष आर्द्रता एक टक्क्याच्याही खाली उतरते. पण बटाटा बाहेर आला की कोरडी साल हवेतली ओल ओढते आणि तिचा कुरकुरीतपणा बघता बघता जातो. कॅसरोलच्या डब्यात झाकून ठेवणं तर नकोच. पाणी गेलेल्या जागी लोणी फार छान मुरतं. लोणी आणि मेतकूट, किंवा लसणीची सुकी चटणी आणि घट्ट दही, दोन्ही करून बघा.

उरलेला बटाटा फ्रिजमध्ये रात्रभर राहिला की त्यातलं पिष्ट पुन्हा घट्ट रचना धरतं आणि त्याचा काही भाग लहान आतड्यात पचत नाही. त्यामुळे गार बटाट्यानं रक्तातली साखर ताज्याच्या तुलनेत कमी वेगानं वाढते. मधुमेह असलेल्यांनी तेवढ्यावर विसंबू नये, पण दुसऱ्या दिवशीच्या कोशिंबिरीला हा बटाटा उत्तम.

राहिला विजेचा हिशोब. चार बटाट्यांना मिळून जे 470 किलोजूल लागले ते युनिटमध्ये मोजले तर 0.13 भरतात. तासभर चालणारा ओटीजी मात्र एक युनिटच्या आसपास खातो. बाकीची सगळी उष्णता पत्र्याचा डबा आणि आपलं स्वयंपाकघर तापवते. म्हणून दोन बटाट्यांसाठी ओटीजी लावू नका. जाळी भरा: कडेला दोन रताळी, भरताचं एक वांगं टोचून, एक अख्खा लसणाचा गड्डा. लसूण अर्ध्या-पाऊण तासात काढायचा, वांगं मऊ पडलं की काढायचं, बटाटे शेवटपर्यंत ठेवायचे.