संडासाची टाकी की मोरीचा ट्रॅप? मोटरहोमच्या बाथरूममधला वास नेमका येतो कुठून

मोटरहोमच्या बाथरूममध्ये गटाराचा वास आला की पहिला आळ कमोडवर येतो. केमिकलची अर्धी बाटली आत रिकामी होते, वरून फिनेल पडतं, एअर फ्रेशनर टांगला जातो आणि संध्याकाळपर्यंत वास पुन्हा हजर. गोरेगावच्या फिल्मसिटीत उभ्या राहणाऱ्या व्हॅनिटी व्हॅनमध्येही हाच प्रकार चालतो. "मॅडम, टाकी कालच खाली केलीये," असं ड्रायव्हरदादा शपथेवर सांगतात, आणि ते खरंच बोलत असतात. वास त्या टाकीचा नसतोच. तो शेजारच्या शॉवरच्या जाळीतून येत असतो. चोर सोडून संन्याशाला सुळी!

राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅरव्हॅन भाड्याने घेऊन मुलाबाळांसह कोकणात उतरणारी मुंबईकर कुटुंबंही आता आहेत. चार दिवसांच्या सहलीत त्या एवढ्याशा डब्यात वास कोंडला तर सगळ्याचाच विचका होतो. म्हणून ब्लॅक टँकचा, म्हणजे संडासाच्या टाकीचा वास आणि ग्रे टँकचा, म्हणजे मोरीच्या पाण्याच्या टाकीचा वास वेगळे ओळखता यायला हवेत. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

गाडीच्या खाली दोन टाक्या असतात. कमोडचं सगळं ब्लॅक टँकमध्ये जातं. बेसिन, शॉवर आणि बहुतेक गाड्यांत ओट्याचं सिंक, यांचं पाणी ग्रे टँकमध्ये जातं. आपल्या इमारतीत हा सगळा माल खाली चेंबरमध्ये जाऊन पुढे वाहून जातो आणि त्यातला वायू व्हेंट पाईपने गच्चीच्या वर सुटतो. गाडीत मात्र तो तुमच्या पायाखाली हातभर अंतरावर दिवसेंदिवस साठलेला असतो. वर यायला त्याला दोन वाटा आहेत आणि दोन्हींवरचे राखणदार वेगळे. कमोडच्या तळाशी सरकती झडप आणि तिच्याभोवती रबरी सील असतं. मोरीकडे ट्रॅप असतो, म्हणजे वळणात अडून राहिलेलं पाणी. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर कमिंगने १७७५ मध्ये शौचकूपासाठी अशा वळणाचं पेटंट घेतलं. तेव्हापासून नळकाम पुष्कळ बदललं, पण वायू अडवायला आजही आपण मूठभर पाण्यावरच विसंबतो. झडप चालत्या गाडीत तग धरते. पाण्याला ते जमत नाही, आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो.

नाकाला दोन्ही वास जवळपास सारखे लागतात. हवा न मिळणारे जंतू दोन्ही टाक्यांत काम करतात आणि दोन्हीकडे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तोच नासक्या अंड्याच्या वासाचा वायू. तरी बारीक फरक आहे. ब्लॅक टँकच्या वासात लघवीतल्या अमोनियाची तिखट झणझण असते, ती नाकात आणि डोळ्यांत जाणवते. ग्रे टँकचा वास आंबट, तेलकट, कुजकट असतो, कारण त्यात साबण, अंगाचा मळ, केस, डाळीचा खरकटा अंश आणि भांड्यांचं तूप असतं. लोकांना वाटतं, मोरीचं पाणी म्हणजे तसं स्वच्छच. मेच्या उन्हात तापलेल्या टाकीत ते दोन दिवस राहू द्या; माझ्या मते तो वास संडासाच्या टाकीहून वाईट असतो.

पण एकट्या नाकावर भिस्त ठेवू नका. हायड्रोजन सल्फाइड हवेत दहा लाखांत एका भागाहून कमी असला तरी नाकाला कळतो, आणि १०० भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं. बाथरूममध्ये एवढं साठण्याची वेळ सहसा येत नाही, पण सततच्या वासाला नाक सरावतं हे मात्र रोजचंच. गाडीतल्या माणसाला विचारून उपयोग नाही. पाच मिनिटं मोकळ्या हवेत फिरून आलेल्या माणसाला आत पाठवा आणि त्याचं पहिलं वाक्य ऐका.

नाकापेक्षा घड्याळ जास्त सांगतं. फ्लशची पट्टी दाबताक्षणी भपकारा वर आला तर तो ब्लॅक टँकचा. अशा वेळी आधी छताकडे बघा, एक्झॉस्ट फॅन चालू आहे का? दार लावून फॅन सुरू केला की बाथरूममधली हवा बाहेर खेचली जाते आणि भरपाईची हवा मिळेल तिथून आत येते. तेवढ्यात कमोडची झडप उघडली तर टाकीतला वायू सरळ तोंडावर. वास घालवायला म्हणून लोक फॅन लावतात आणि त्यानेच वास आत ओढून घेतात. फ्लश करताना फॅन बंद ठेवावा, झाकण लावावं, झडप नीट बसली की मगच फॅन लावावा. एवढ्याने कित्येक गाड्यांची तक्रार मिटते, एक रुपया खर्च न करता.

वास गाडी चालल्यावर येत असेल तर संशय मोरीवर घ्या. घरातल्या नहाणी ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाण्याचा अडसर असतो. गाडीत जमिनीखाली तेवढी जागा नसते, म्हणून शॉवरचा ट्रॅप बहुधा उथळ असतो. बोरघाटाची वळणं, कसाऱ्याचा उतार, खड्ड्यातले धक्के यांत ते पाणी हिंदकळून निघून जातं आणि खोपोली यायच्या आत अडसर मोकळा. शिवाय धावत्या गाडीची खिडकी उघडी असली की आतली हवा बाहेर ओढली जाते आणि रिकाम्या ट्रॅपमधून वायू वर येतो. ड्रायव्हर म्हणतो, "खिडकी उघडली तर वास वाढतोय," आणि कुणाचा विश्वास बसत नाही. तो बरोबर असतो. उपाय म्हणजे थांबल्यावर शॉवरमध्ये आणि बेसिनमध्ये एकेक तांब्या पाणी ओतायचं आणि धावताना बाथरूमचं दार लावून ठेवायचं. फार घाट करणाऱ्यांसाठी पाण्याऐवजी मऊ पडद्याने बंद होणारे ट्रॅप मिळतात. खालची जागा कमी असेल तर ते बसवून घेणं सोयीचं.

गाडी महिनाभर सोसायटीच्या आवारात उभी होती आणि दार उघडताच वास आला, तर गुन्हेगार दोन्ही असू शकतात. उन्हात ट्रॅप सुकतो, तसं कमोडच्या सीलवरचं पाणीही सुकतं. गाडी उभी करून ठेवण्याआधी ट्रॅपमध्ये पाणी भरून त्यावर दोन चमचे लिक्विड पॅराफिन ओता. औषधाच्या दुकानात ते मिळतं. पाण्यावर त्याची साय धरते आणि बाष्पीभवन मंदावतं. खाण्याचं तेल वापरू नका, ते खवट होऊन स्वतःच वास मारतं.

तरीही खात्री होत नसेल तर रात्रभराची एक परीक्षा आहे. जाड प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून गाठ मारा आणि शॉवरच्या जाळीवर ठेवा, ती तोंडावर चपखल बसते. बेसिनच्या भोकालाही तशीच पिशवी. बेसिनला वर पाणी बाहेर सोडणारं छिद्र असेल तर त्यावर टेप. फॅन बंद, दार बंद. सकाळी दार उघडताना वास गेलेला असेल तर दोष मोरीचा, तसाच असेल तर आधी कमोडकडे वळा. केमिकलवर पैसे घालण्याआधी ही परीक्षा कराच, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कमोडकडे वळल्यावर काय बघायचं? भांड्यात पाणी ठेवा आणि तासाभराने बघा. पातळी उतरली असेल तर सील गळतंय. टॉर्च घेऊन झडप उघडा आणि रबराच्या कडेवर उजेड टाका. बऱ्याचदा तिथे कागदाची चिंधी अडकलेली असते किंवा क्षारांची पांढरी, खरबरीत किनार धरलेली असते. बोट फिरवलं की हाताला लागते (हातमोजा घालून, अर्थात). मुंबई पालिकेचं तलावांचं पाणी मऊ असतं, त्याने एवढा थर धरत नाही. सेटवर टँकरचं किंवा बोअरचं पाणी भरलेल्या गाडीत मात्र तो हमखास सापडतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. व्हॅसलीन किंवा गोडेतेल लावलं की रबर फुगतं आणि सील लवकर जातं. रबराला चीर असेल तर सील बदला, त्याला दुसरा इलाज नाही. वास कमोडच्या बुडापाशी, जमिनीलगत जास्त असेल आणि कमोड किंचित हलत असेल, तर खालचं गास्केट सैल झालंय. धक्क्यांनी नट ढिले होतातच.

ब्लॅक टँकची खरी गरज असते पाणी. मुंबईच्या माणसाला पाणी वाचवायची सवय, पण इथे ती नडते. टाकी खाली केल्यावर तळ झाकेल एवढं पाणी आधी आत सोडावं आणि प्रत्येक फ्लशला हात सैल ठेवावा. आणखी एक सवय घातक: गाडी चेंबरला जोडून ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवायचा. पातळ तेवढं वाहून जातं, घट्ट मागे राहतं आणि कमोडच्या बरोबर खाली त्याचा ढीग जमून वाळतो. मग केमिकल वरून ओतलं तरी आत पोचत नाही. व्हॉल्व्ह बंद ठेवा, टाकी बरीचशी भरली की एका दमात सोडा. जोर असला तरच सगळं निघतं. आधी ब्लॅक, मागून ग्रे सोडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने होजही धुऊन निघतो. कॅसेट टॉयलेट, म्हणजे बाहेर काढून नेता येणाऱ्या छोट्या टाकीचं कमोड असेल तर ती कॅसेट दर दोन-तीन दिवसांनी खाली करा आणि तिच्या तोंडाच्या सीललाही सिलिकॉन लावा.

ग्रेचा व्हॉल्व्ह उघडा ठेवण्याचा तोटा वेगळाच आहे. चेंबरचा वायू उलट्या वाटेने टाकीत येतो आणि ट्रॅप कोरडा असेल तर थेट बाथरूममध्ये. त्याच वाटेने झुरळंही चढतात. ग्रे टँकला हवी स्वच्छता. ताटं धुण्याआधी कागदाने पुसा, सिंकवर बारीक जाळी ठेवा, शॉवरच्या जाळीखालचा केसांचा गोळा आठवड्याला उपसा. तो काळा, बुळबुळीत गोळा एकदा बाहेर काढून बघा, टाकीतला म्हणून ज्याला नावं ठेवत होतात तो वास कधी कधी तिथेच असतो. उकळतं पाणी ओतू नका, पीव्हीसीचे सांधे मऊ पडतात.

बेसिनखालच्या कपाटात डोकं घातल्यावर वास दुप्पट झाला, तर तिथे एक छोटी प्लास्टिकची टोपी शोधा. ती हवा आत घेणारी एकमार्गी झडप. बेसिनचं पाणी उतरताना ती उघडते, ट्रॅप शोषला जाऊ नये म्हणून. एरवी ती बंद असायला हवी. आतलं रबर चिकटलं किंवा वाळलं की ती उघडीच राहते आणि टाकीचा वायू कपाटात सोडत बसते. हाताने फिरवून निघते, नवी महाग नसते. स्थानिक वर्कशॉपमध्ये बांधलेल्या गाडीत ही टोपी नसेल आणि बेसिनचा लवचिक वेस्ट पाईप सरळ टाकीत उतरला असेल, तर ट्रॅपच नाही. बॉटल ट्रॅप बसवून घ्या.

एक धोक्याची गोष्ट. फिनेल, ॲसिड, ब्लीच एकापाठोपाठ ओतू नका. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि तेवढ्या खोक्यात तो जीवघेणा ठरू शकतो. काडी पेटवूनही वास शोधू नका, कारण टाकीत मिथेन असतो, त्याला वास नसतो पण तो पेटतो. शिवाय कुजकट वास म्हणजे संडासच असं नाही. गॅस सिलिंडरच्या एलपीजीत इथाइल मर्कॅप्टन मिसळलेलं असतं, त्याचाही वास सडका असतो. एलपीजी हवेहून जड असल्याने जमिनीलगत साठतो, म्हणून खोलगट बाथरूममध्ये तो आधी जाणवू शकतो. शंका आली तर कुठलंही बटण न दाबता सगळ्यांना खाली उतरवा, दारं उघडी टाका, जमलं तर रेग्युलेटर बंद करा आणि गाडीपासून दूर जाऊन १९०६ वर फोन करा. जास्त चार्ज होऊन तापलेली लेड ॲसिड बॅटरीसुद्धा नासक्या अंड्याचा वास सोडते. ती पलंगाखाली असेल तर आठवडाभर लोक संडास घासत राहतात. तिला हात लावून बघा; खूप गरम लागली तर चार्जर बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पावसाळ्याबद्दल थोडं, कारण मुंबईत दर जूनला हे घडतं. गळती नको म्हणून उभ्या गाडीवर निळी ताडपत्री ताणून बांधतात. टाक्यांच्या व्हेंट पाईपची तोंडं छतावर असतात, ती खाली दबतात. मग दोन्ही टाक्यांचा वायू मिळेल त्या फटीतून आत शिरतो आणि ट्रॅपही ठीक, सीलही ठीक असताना वास येतो. गाडी बराच काळ बंद ठेवायची असेल तर ताडपत्रीच्या खाली व्हेंटच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या घालून कापड उचलून धरा आणि एक बाजू वाऱ्याला मोकळी सोडा. व्हेंटच्या टोपीत पालापाचोळा किंवा गांधीलमाशीचं घर नाही ना, हेही त्याच वेळी शिडीवर चढून बघून घ्या.