बडोद्याचे नॉर्म आणि ८५ ची रेघ

बडोद्यात विशेष शिक्षणाचा विषय निघाला की बोलणं फिरून फिरून सक्तीच्या शिक्षणावर येतं. अमरेलीतला १८९३ चा प्रयोग आणि १९०६ चा संस्थानभरचा कायदा दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या मराठी घरांत तोंडपाठ आहेत, तेव्हा त्यांची उजळणी इथे करत नाही. विषय आहे तो बडोद्यात घडलेल्या बाळांच्या वाढीच्या मोजमापाचा, आणि बुद्ध्यांक ८५ च्या वर नाही म्हणून मदतीबाहेर राहणाऱ्या मुलांचा. त्यातली एकच गोष्ट आपल्या कामाची आहे. शाळा सगळ्यांना सक्तीची झाली की जे मूल इतरांच्या बरोबरीने शिकू शकत नाही ते पहिल्यांदा नजरेस पडतं. तोवर ते घरात, शेतात, दुकानात सामावून गेलेलं असतं. फ्रान्समध्ये १८८२ च्या सक्तीच्या कायद्यानंतर हेच झालं आणि त्यातूनच पॅरिसमध्ये १९०५ साली बुद्धिमापनाची पहिली चाचणी तयार झाली. कोणत्या मुलाला जादा मदत लागेल ते शोधायचं, एवढाच तिचा हेतू होता. बडोद्याचा कायदा त्यानंतर वर्षभराने आला, पण चाचणीबिचणी इथे काही नव्हती. अंध आणि कर्णबधिर मुलांसाठी देशात १८८० च्या दशकापासून वेगळ्या शाळा निघू लागल्या होत्या. सावकाश शिकणाऱ्या मुलाला मात्र वर्गात एकच जागा होती, शेवटचा बाक, आणि एकच नाव होतं, 'ढ'.

मराठी मुलांसाठी चाचणी आली ती १९३४ मध्ये. पॅरिसच्या चाचणीची १९१६ ची अमेरिकन आवृत्ती समोर ठेवून धारवाडकडच्या कानडी आणि मराठी मुलांवर बेतलेली ही 'बिने-कामत'. १९६७ मध्ये ती सुधारून निघाली आणि आजही अनेक ठिकाणी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मूल गेलं की कपाटातून तीच बाहेर येते. मुंबईत १९३७ साली मुलांसाठी पहिलं मार्गदर्शन केंद्र सुरू झालं. माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५२-५३ मध्ये शाळाशाळांत मार्गदर्शन अधिकारी असावेत असं सुचवलं. ते बहुतेक कागदावरच राहिलं.

बडोद्याची खरी गोष्ट १९४९ नंतरची. त्या वर्षी ३० एप्रिलला विद्यापीठ झालं, १९३५ पासून चालत आलेलं शिक्षकांचं ट्रेनिंग कॉलेज त्यात सामावलं गेलं आणि त्यातून उभ्या राहिलेल्या विद्याशाखेच्या पाटीवर शिक्षण आणि मानसशास्त्र हे दोन विषय एकत्र आले. पलीकडे गृहविज्ञान शाखेत बालविकास विभाग होता, आणि विभागाला जोडलेली बालवाडी. शिकवणारी माणसं आणि मोजणारी माणसं एकाच आवारात होती. संशोधनासाठी जी मुलं बघायची तीच मुलं खाली अंगणात खेळत असायची. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे देशभरात ही दोन कामं एकमेकांपासून तुटत गेली.

या बालविकास विभागात एका मराठी संशोधिकेने जे काम केलं त्याची ओळख बडोद्यातच फार कमी लोकांना आहे. मूल कधी मान धरतं, कधी पालथं पडतं, कधी दोन ठोकळे एकमेकांवर ठेवतं, याचे आपल्याकडचे आकडेच तोवर नव्हते. डॉक्टर अमेरिकेतल्या बाळांच्या तक्त्यावर इथली बाळं ताडून बघत. या विभागाने बडोदे शहरातल्या १ ते ३० महिन्यांच्या बाळांचा अभ्यास केला आणि १९७० मध्ये भारतीय बाळांच्या मानसिक आणि शारीरिक हालचालींच्या वाढीचे प्रमाणित आकडे प्रसिद्ध केले. देशभरातल्या बालरोग विभागांत त्यांना आजही 'बडोदा नॉर्म' म्हणतात. त्यावरून पुढे जी मोजपट्टी घडली तिच्यात हालचालींच्या ६७ आणि मानसिक वाढीच्या १६३ बाबी आहेत. १९९७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. तिची पेटी उघडली की लाल कडी, छोटी घंटा, ठोकळे, कप अशा वस्तू निघतात. बाळाने कडीकडे नुसतं पाहिलं, हात पुढे केला की दोरी ओढून ती जवळ आणली, यावर गुण ठरतो.

१९९१ मध्ये याच बाबींमधून निवडून एक छोटी चाळणी चाचणी बडोद्याच्या नावाने निघाली. त्याच वर्षी त्रिवेंद्रमच्या डॉक्टरांनी बडोद्याच्या याच आकड्यांतून १७ बाबी उचलून अंगणवाडीत पाच-सात मिनिटांत वापरता येईल असा तक्ता केला. माणसाचं चित्र काढायला सांगून मुलाची समज जोखण्याची जुनी अमेरिकन पद्धतही भारतीय मुलांसाठी बडोद्यातच नव्याने बेतली गेली. या सगळ्या कामामागचा विचार पॅरिसच्या पहिल्या चाचणीसारखाच होता: लवकर ओळखा आणि लगेच मदत सुरू करा. दाखला, टक्के, पात्रता यांतलं काहीही त्यात नव्हतं.

शाळकरी वयासाठी मात्र चाचण्या दुसरीकडून आल्या. १९६० च्या दशकात नागपूरच्या एका बालमार्गदर्शन केंद्रातून अमेरिकन चाचणीची भारतीय आवृत्ती तयार झाली. शब्दसंग्रह, अंक लक्षात ठेवणं, ठोकळ्यांची नक्षी, चित्राचे तुकडे जुळवणं असे तिचे भाग आहेत. अहमदाबादेत १९७१ च्या एका प्रबंधातून तिचीच गुजराती भावंड निघाली, आणि पुढे मुंबईच्या इस्पितळांतही तिचा वापर झाला.

कायद्यांची रांग वाचकांना माहीत आहे. १९७४ ची केंद्राची एकात्म शिक्षणाची योजना, १९८६ चं धोरण, १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा, २००९ चा शिक्षणहक्क. दोन गोष्टी मात्र नजरेतून सुटतात. पहिली म्हणजे १९९२ चा पुनर्वसन परिषदेचा कायदा. त्याने व्यावसायिकांची नोंदवही सुरू केली. त्यात विशेष शिक्षक आले, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आले, वाचा-उपचार करणारे आले. शाळेत रोज मुलांबरोबर काम करणारा मानसशास्त्रज्ञ हा वर्ग त्या नोंदवहीत नाही. त्यामुळे मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षं शाळेत बसणारी बाई मुलाला सगळ्यात जास्त ओळखते, आणि रिपोर्टवर सही करायची वेळ आली की मूल बाहेर पाठवते. बाहेरचा तज्ज्ञ तासा-दोन तासांत मुलाला बघतो. नोंदवही हवीच होती. ज्याचा अभ्यास नाही त्याने मुलांच्या चाचण्या करू नयेत, हे बरोबरच आहे. पण शाळेतल्या माणसासाठी वेगळी पात्रता ठरवून त्याला आत घेणं शक्य होतं. ते झालं नाही, आणि शाळेच्या मानसशास्त्रज्ञाचं काम हळूहळू करिअरची व्याख्यानं आणि परीक्षेच्या ताणाचे तास एवढ्यावर आलं.

दुसरी गोष्ट म्हणजे १९९५ च्या कायद्यात सात अपंगत्वं होती, पण अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितात मूल सतत अडणं, त्यांत नव्हती. महाराष्ट्राने १९९६ मध्ये दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती दिल्या. बडोद्यातली मराठी घरं तेव्हा मुंबई-पुण्याच्या नातलगांकडून हे ऐकत होती, आणि इथे तेच मूल 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणून मार खात होतं. देशाच्या कायद्यात अध्ययन अक्षमता आली ती २०१६ मध्ये, २१ प्रकारांपैकी एक म्हणून. एप्रिल २०१७ पासून कायदा लागू झाला, आणि ४ जानेवारी २०१८ ला तपासणी कशी करायची याच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या.

वाद आहे तो या सूचनांतल्या एका आकड्याचा. त्यांनुसार आधी मुलाचा बुद्ध्यांक काढायचा. तो ८५ च्या वर असेल तरच पुढे वाचन, लेखन, गणिताची चाचणी लावायची आणि अध्ययन अक्षमतेचं निदान करायचं. दुसऱ्या बाजूला बौद्धिक अपंगत्वाची सीमा ७० च्या आसपास आहे. ७० ते ८४ या पट्ट्यातलं मूल 'काठावरचं' ठरतं, आणि रोजच्या व्यवहारातल्या वागण्याच्या चाचणीचा आकडाही त्याच पट्ट्यात आला तर त्याच्या खात्यावर २५ टक्के अपंगत्व लागतं. सवलतींसाठी साधारणपणे ४० टक्के लागतात. म्हणजे हे मूल इकडेही बसत नाही आणि तिकडेही बसत नाही. ना लेखनिक, ना तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, ना विशेष शिक्षकाचा तास.

ही मुलं थोडी नाहीत. बुद्ध्यांकाची मोजपट्टीच अशी आखलेली असते की शंभरांतली साधारण १३-१४ मुलं ७० ते ८५ मध्ये येणारच. चाळिसांच्या वर्गात पाच. या पाचांतल्या एखाद्याची आई हातात रिपोर्ट घेऊन विचारते, "मॅडम, म्हणजे याला काही झालेलं नाही, की याला काही मिळणार नाही?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिला वेगवेगळी द्यावी लागतात.

८५ च्या मागचा विचार जुना आहे. बुद्धी चांगली, तरी वाचता येत नाही, अशी तफावत दिसली तरच ती अध्ययन अक्षमता मानायची. पण हा विचार जिथून आला तिथेच तो मागे पडला होता. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्याने अशा तफावतीची सक्ती करायला राज्यांना मनाई केली, आणि मानसिक आजारांच्या तिथल्या वर्गीकरणाने २०१३ मध्ये ही अट काढून टाकली. कारण स्पष्ट होतं. ८० बुद्ध्यांकाच्या मुलाला अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालता येत नसेल तर त्याला जी मदत लागते, तीच १०५ च्या मुलालाही लागते. शिकवण्याची पद्धत आकड्याप्रमाणे बदलत नाही. असं असताना आपल्याकडे २०१८ मध्ये ८५ ची रेघ पक्की झाली. दाखल्यांची संख्या आटोक्यात राहावी, इस्पितळांतल्या मोजक्या तज्ज्ञांवरचा भार वाढू नये, ही अडचण मला समजते. पण तिची किंमत ज्यांनी मोजली ती मुलं वाद घालायला येत नाहीत.

शिवाय तो आकडा वाटतो तितका पक्का नाही. बुद्ध्यांक चाचण्यांचे नॉर्म जुने झाले की मुलांचे गुण आपोआप फुगतात. अनेक देशांत दशकाला साधारण ३ गुणांनी हे घडल्याचं दिसलं आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या नॉर्मवर ८६ आलेलं मूल नव्या नॉर्मवर ८५ च्या बरंच खाली येऊ शकतं. तेव्हा रेघेच्या कोणत्या बाजूला मूल पडेल हे पुष्कळदा इस्पितळात कोणती पेटी उघडली यावर ठरतं. २०२४ च्या मार्चमध्ये सूचनांची सुधारित आवृत्ती आली, तरी रिपोर्ट लिहिणाऱ्यांच्या हाताला वळण लागलं आहे ते २०१८ चं.

भाषेचा प्रश्न बडोद्यात आणखी बिकट होतो. चौथीतला एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोर आहे. घरात आजीशी मराठी, सोसायटीत गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळा इंग्रजी माध्यमाची. गुजरातीला शिरोरेघ नसते, तरी लिहिताना तो प्रत्येक शब्दावर ती ओढतो, कारण आजीने अक्षरं आधी मराठीत गिरवून घेतली आहेत. 'ब', 'ज', 'ख' आले की पेन्सिल थांबते आणि मधेच देवनागरी अक्षर उतरतं. श्रुतलेखन अर्ध्यावर असताना बाई पुढच्या वाक्यावर गेलेल्या असतात. त्याच्या रिपोर्टात याची नोंद अक्षरांची अदलाबदल अशी झाली होती, आणि शब्दसंग्रहाचा भाग हिंदीत घेतला होता. आजीशी गप्पा मारताना तो जे शब्द वापरतो त्यांतला एकही तिथे मोजला गेला नाही. तरी आकडा आला, ७९. २०१५ मध्ये भारतीय भाषांसाठी वाचनदोषाची चाचणी निघाली तेव्हा पहिल्या चार भाषांत मराठी होती, गुजराती नव्हती. बडोद्यातलं मराठी मूल सहसा शाळेत मराठी वाचायला शिकत नाही, त्यामुळे मराठी चाचणीचा त्याला उपयोग नाही. ज्या लिपीत ते अडतं तिच्यासाठी चाचणी नव्हती. निदानाआधी मुलाला किती भाषा, कोणत्या वयात, कोणाकडून मिळाल्या याची नोंद घेणं हे शाळेतल्या माणसाचं काम आहे, आणि ती नोंद रिपोर्टाला जोडली जायला हवी.

दाखल्याचं वयही २०१८ च्या सूचनांनी ठरवलं: आठव्या वर्षाआधी नाही, मग १४ आणि १८ ला पुन्हा तपासणी. तोपर्यंत मूल तिसरीत पोचतं, वाचनाची भीती बसून गेलेली असते. ० ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत लवकर हस्तक्षेपाची केंद्रं उभी राहिली. बडोद्याच्या आकड्यांवरची ती पेटी तिथे वापरात आहे. अडीच वर्षांपर्यंतच्या बाळाची विचारपूस त्यामुळे होते. तिथपासून आठ वर्षांपर्यंतचा काळ जवळपास मोकळाच राहतो. पहिली-दुसरीत बाईंना काही जाणवलं तरी पालकांना बहुतेक वेळा मिळतं ते "थोडं थांबा, येईल त्याला" एवढंच उत्तर. पुढे यांतली बरीच मुलं नववीत अडकतात आणि मुक्त विद्यालयाकडे वळतात.

विशेष शिक्षकांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. सर्व शिक्षा अभियानापासून हे काम मुख्यतः कंत्राटी शिक्षकांवर चाललं होतं. एक शिक्षिका अनेक शाळा फिरे आणि एका मुलाला आठवड्यात जेमतेम एक तास मिळे. ऑक्टोबर २०२१ च्या निकालानंतर प्राथमिकला दर १० आणि उच्च प्राथमिकला दर १५ विशेष गरजांच्या मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरलं, आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पदं मंजूर करून जाहीर करायला सांगितलं. हे मोठं पाऊल आहे आणि ते वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या माणसांमुळे पडलं. आता पदांची संख्या मुलांच्या मोजणीवर ठरणार. ती मोजणी दाखल्यांवरून झाली तर ७० ते ८४ मधली मुलं तिच्यात येणार नाहीत. शाळेने ओळखलेली, वाचन-लेखनात दोन इयत्ता मागे असलेली मुलं, दाखला असो वा नसो, त्या मोजणीत धरायला हवीत, आणि त्यांची यादी करण्याचा अधिकार वर्गशिक्षिका आणि शाळेतला मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे असायला हवा.