मूत्राशयातील रासायनिक संदेशवहन आणि अतिक्रियाशील मूत्राशय

लघवीची जाणीव कशी होते आणि ती अवेळी का होते, याचे बरेचसे उत्तर मूत्राशयाच्या आतल्या अस्तरात आहे. यूरोथेलियम नावाचे हे अस्तर म्हणजे लघवी झिरपू न देणारा पापुद्रा, एवढाच पूर्वी समज होता. प्रत्यक्षात ते ताण ओळखते आणि रसायने सोडून मज्जातंतूंना कळवते.

यांतले महत्त्वाचे रसायन एटीपी. पेशींना ऊर्जा पुरवणारा हा रेणू मज्जातंतूंचा संदेशवाहकही आहे, असे शास्त्रज्ञ जेफ्री बर्नस्टॉक यांनी १९७२ मध्ये मांडले. ते मान्य व्हायला बरीच वर्षे गेली. मूत्राशय भरताना अस्तर ताणले जाते, त्यातून एटीपी सुटते आणि संवेदी मज्जातंतूंवरील पी२एक्स३ नावाच्या ग्राहकांना (रसायन ओळखून पेशीला कळवणाऱ्या प्रथिनांना) चिकटून संदेश मेरुरज्जूकडे धाडते. हा ग्राहकच नसलेल्या उंदरांवरचे प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे मूत्राशय जास्त भरे आणि लघवी कमी वेळा होई.

निरोगी माणसात मूत्राशयाचा स्नायू आकसतो तो मुख्यतः असिटाइलकोलीन या मज्जातंतूंतून सुटणाऱ्या दुसऱ्या रसायनामुळे, त्याच्या एम३ प्रकारच्या ग्राहकांमार्फत. अतिक्रियाशील मूत्राशयात एटीपीचा वाटा वाढलेला आढळतो. प्रोस्टाग्लँडिनांसारखी, दाह होताना शरीरात तयार होणारी द्रव्ये संवेदी तंतूंना आणखी हळवे करतात. मग थोडीशी लघवी साठली तरी थोपवता न येणारी घाई होते. हेच या विकाराचे मुख्य लक्षण; सोबत वारंवार जावे लागणे, रात्री उठणे, कधी वाटेतच लघवी निघून जाणे. जंतुसंसर्ग, मधुमेह व मुतखडा आधी तपासावे लागतात.

खानदेशात ‘वय झालं’ म्हणून हे दुखणे अंगावर काढले जाते, आणि बायांचे हाल अधिक. पऱ्हाटीत कापूस वेचताना आडोसा नसतो, एसटीत मध्ये उतरता येत नाही. म्हणून कित्येकजणी सकाळपासून पाणीच तोडतात. त्याने लघवी दाट होते, जळजळ वाढू शकते आणि मुतखड्याला वाव मिळतो. मिरचीतले कॅप्सेसिन ओळखणारा टीआरपीव्ही१ ग्राहक मूत्राशयातही असतो. तेवढ्यावरून शेवभाजी-ठेचा सर्वांना वर्ज्य ठरत नाही. ज्याला तिखटाने वा चहाने घाई वाढते असे जाणवते, त्याने काही दिवस ते कमी करून पाहावे.

उपचाराची सुरुवात ठरावीक वेळी लघवीला जाणे, हळूहळू अंतर वाढवणे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम यांनी होते. ऑक्सिब्युटिनिन, सोलिफेनासिन ही औषधे असिटाइलकोलीनचे ग्राहक अडवतात. त्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो आणि घामही कमी येतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा ही गोळी घेणाऱ्या वृद्धाला उष्माघाताचा धोका अधिक असतो, आणि डॉक्टरांनी हे आवर्जून सांगायला हवे. मिराबेग्रॉन हे औषध वेगळ्या वाटेने, बीटा-३ ग्राहकांमार्फत स्नायू सैल करते. ते घाम रोखत नाही, मात्र रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते.