नोडपर्यंतची वाट : पार्श्वभूमी

हिंजवडीत किंवा खराडीत रात्री ऑनकॉल असणाऱ्याला ‘नोड नॉट रेडी’ (क्लस्टरमधलं एक मशीन, म्हणजे नोड, तयार नाही) असा अलर्ट आला की हात आपसूक एसएसएचकडे, म्हणजे मशीनवर दुरून सुरक्षित लॉगिन करण्याच्या साधनाकडे, जातो. पण मॅनेज्ड क्लस्टरमधल्या (क्लाउड कंपनी सांभाळते त्या मशीनच्या समूहातल्या) नोडला बहुधा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून पोचता येणारा पत्ताच नसतो. दार आहे, पण ते रस्त्यावर उघडत नाही.

दुरून लॉगिन करण्याच्या टेलनेट या जुन्या साधनाच्या काळात पासवर्ड नेटवर्कवरून उघडाच जायचा. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड टिपले गेले, आणि तिथल्या तातू युल्योनेन यांनी एसएसएच लिहायला घेतलं. फाइल पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट (मशीनवरच्या सेवेचा दार-क्रमांक) २१, टेलनेटचा २३. मधला २२ रिकामा होता, तो त्यांनी मागून घेतला. १९९९मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी ओपनएसएसएच आणलं, तेच आपण आजही वापरतो.

या सगळ्यात एक गोष्ट गृहीत होती : मशीन टिकणार आहे. सर्व्हरला नाव असायचं, त्याच्या खोडी टीममधल्या एखाद्याला पाठ असायच्या. कंटेनर (डबाबंद प्रोग्राम) अनेक मशीनवर चालवणाऱ्या कुबर्नेटीसने हे गृहीतच मोडलं. गूगलने ते २०१४मध्ये जाहीर केलं, जुलै २०१५मध्ये १.० आवृत्ती आली. त्याच वर्षी सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टच्या अझुर क्लाउडचा ‘सेंट्रल इंडिया’ रीजन (डेटा सेंटरचा विभाग) सुरू झाला, तो आपल्या पुण्यातच. २०१८मध्ये अझुर आणि ॲमेझॉन या दोघांच्याही मॅनेज्ड कुबर्नेटीस सेवा सर्वांसाठी खुल्या झाल्या. आता अपग्रेड म्हणजे नोड नव्या इमेजवरून (सिस्टिमच्या तयार प्रतीवरून) पुन्हा उभा करणं. रात्री दोनला हाताने बदललेली कॉन्फिग फाइल त्यात पुसली जाते. माझ्या मते एसएसएच मागे पडण्याचं खरं कारण हे आहे. सुरक्षेचा मुद्दा त्यानंतरचा.

मग वाटा बदलल्या. आधी जंप बॉक्स, म्हणजे बाहेरून आत शिरायचं मधलं मशीन. २०१८मध्ये ॲमेझॉनचा सेशन मॅनेजर आला : नोडवरचा एजंटच बाहेर जोडणी करतो, त्यामुळे पोर्ट २२ बंद ठेवता येतो. २०२०च्या अखेरीस कुबर्नेटीस १.२०मध्ये ‘क्यूबसीटीएल डीबग’ ही कमांड बीटाला (चाचणीच्या टप्प्याला) पोचली. ती नोडवर एक पॉड (कंटेनर चालवण्याचं कुबर्नेटीसमधलं एकक) चालवते, नोडची फाइलसिस्टिम ‘/होस्ट’खाली दिसते, तिथे सीएचरूट केलं (तोच फोल्डर मूळ मानला) की आपण आत.

पण हा पॉड उभा करतो क्यूबलेट, म्हणजे प्रत्येक नोडवर चालणारा कुबर्नेटीसचा एजंट, आणि क्यूबलेटच पडला असेल तर? आमच्या एका क्लस्टरमध्ये तसंच झालं. डीबगचा पॉड ‘पेंडिंग’वरून हलेना. शेवटी शेजारच्या धडधाकट नोडवर डीबग पॉड उघडला, त्यात प्रायव्हेट की (लॉगिनची गुप्त किल्ली असलेली फाइल) कॉपी केली आणि तिथून आजारी नोडच्या अंतर्गत आयपीवर एसएसएच केलं. पहिल्यांदा नकार आला : फाइलच्या परवानग्या जास्तच मोकळ्या होत्या. सीएचमॉड ४०० केल्यावर, म्हणजे ती फाइल फक्त मालकालाच वाचता येईल अशी केल्यावर, दार उघडलं. जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडमध्ये क्यूबलेटच्या लॉगची शेवटची ओळ होती, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. कंटेनरच्या लॉगनी डिस्क भरली होती.

दुसरीकडे हे दार काढूनच टाकणाऱ्या सिस्टिम आल्या आहेत. ॲमेझॉनच्या बॉटलरॉकेट या नोडसाठीच्या सिस्टिममध्ये एसएसएच मुळात बंद असतं. टॅलॉस या दुसऱ्या सिस्टिममध्ये तर शेलच (कमांड टाइप करायची जागा) नाही. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या फाइल आकसून लहान करणाऱ्या लायब्ररीत पेरलेलं मागचं दार सापडलं, त्याचा रोख एसएसएचच्या सर्व्हरवरच होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचच्या लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे जाणवलं, म्हणून ते उघडकीस आलं. तेव्हापासून आमच्या नोडपूलवर (एकसारख्या नोडच्या गटावर) एसएसएच फक्त क्लस्टरच्या आतून चालतं, आणि ती की दोघांकडेच असते.